फॉर्म सुटले का हो?

पितृपक्षात आपल्याकडे कोणी फ्लॅटचं टोकन देत नाही, नवी गाडी घरी आणत नाही, सोन्याकडे तर बघतही नाही. अपवाद एकच, नर्सरीचा फॉर्म. तो असतो पुढच्या जूनचा आणि सुटतो आदल्या सप्टेंबरात. शाळेची ऑनलाइन खिडकी सकाळी दहाला उघडते आणि चहा निवायच्या आत बंद होते, तेव्हा पूर्वजांना कावळ्यासकट ताटकळत ठेवण्यावाचून इलाज नसतो. पूर्वजही समजून घेतात. त्यांच्या वेळी प्रवेश म्हणजे बोट धरून कोपऱ्यावरच्या शाळेत जाणं. हेडमास्तर उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावत. कान हाताला लागला की पहिलीत, नाही लागला की पुढच्या वर्षी या. जन्मतारीखही गुरुजीच ठरवून टाकत, त्यामुळे एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. इतकी पारदर्शक प्रवेशप्रक्रिया महाराष्ट्राने त्यानंतर पाहिलेली नाही.

आता कानाची जागा ३१ डिसेंबरने घेतली आहे. त्या तारखेला तीन वर्षं पुरी झालेली हवीत. नववर्षाच्या मध्यरात्री फटाके वाजत असताना सव्वाबाराला जन्मलेलं बाळ पंधरा मिनिटांपायी एक वर्ष मागे पडतं, आणि त्याची आई प्रसूतितज्ज्ञांना माफ करत नाही.

वयाचं जमलं की बोर्डाचा प्रश्न येतो. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'स्टेट बोर्ड' हे शब्द आजकाल दबक्या आवाजात टाइप केले जातात. तीन वर्षांच्या मुलाला आयआयटीत पाठवायचं ठरलेलं असेल तर सीबीएसई. त्याने इंग्रजीत भांडावं अशी इच्छा असेल तर आयसीएसई. आणि हा काही इथे राहायचा नाही, हे बारशालाच कळलं असेल तर आयबी. मौज अशी की सीबीएसईने आपलं म्हणून जे पालक मानले, ते बदलीवर देशभर फिरणारे केंद्र सरकारी नोकरदार. आयबी १९६८ साली जिनिव्हात सुरू झाली ती आज या देशात तर उद्या त्या देशात मुक्काम हलवणाऱ्या राजदूतांच्या आणि आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या पोरांसाठी. दोन्हीकडे सोय केली होती ती बिऱ्हाड पाठीवर घेतलेल्यांची. आज तिथे रांग लावणाऱ्यांची मागची चार बिऱ्हाडं सदाशिव पेठ, कोथरूड, बावधन एवढाच प्रवास करून आलेली असतात. अर्थात, रोज वाकडहून हिंजवडीला जाऊन परत येणाऱ्यालाही प्रदीर्घ स्थलांतराचा अनुभव असतो, हे नाकारता येणार नाही.

मग शनिवारी 'कॅम्पस टूर'. पुढे अ‍ॅडमिशन काउन्सेलर, मागे चाळीस आई-बाप. ही मुलगी आधी एखाद्या बिल्डरकडे असावी, कारण ती सँपल फ्लॅट दाखवावा तसा सँपल वर्ग दाखवते, आणि त्यातली खेळणीही तशीच हात लावू नये अशी मांडलेली असतात. स्विमिंग पूल आहे. रोबोटिक्सची लॅब आहे. एक घोडा आहे. पालक घोड्यापाशी बराच वेळ थांबतात. त्याची जात, वय, तो चावतो का, त्याच्यावर बसण्याचे पैसे वेगळे का, सगळं विचारून होतं. वर्गावरच्या बाईंना पगार किती, त्यातला हातात किती पडतो, आणि गेल्या तीन वर्षांत किती बाई सोडून गेल्या, हे मात्र एकही जण विचारत नाही. आमच्या मते शाळा निवडताना विचारावा असा खरा प्रश्न हाच आहे. पण तो विचारल्यावर प्रवेश मिळाल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

फॉर्म भरणं हा स्वतंत्र साहित्यप्रकार आहे. 'आपल्या पाल्याची बलस्थानं दोनशे शब्दांत लिहा.' पाल्य अडीच वर्षांचा. त्याचं बलस्थान म्हणजे टीव्हीचा रिमोट कुठेही लपवला तरी त्याला सापडतो. ते 'जिज्ञासू वृत्ती आणि समस्या सोडवण्याची क्षमता' म्हणून लिहिलं जातं. त्याखाली आईचा व्यवसाय. पहिल्या मसुद्यात 'गृहिणी', दुसऱ्यात 'होममेकर', आणि अंतिम प्रतीत, दिवाळीत मैत्रिणींना चार केक करून दिल्याच्या बळावर, 'उद्योजिका'. त्याच्याही खाली, 'मुलासोबत दर्जेदार वेळ कसा घालवता?' या प्रश्नाला वडील ऑफिसातून रात्री साडेदहाला, मूल झोपल्यावर, फार हृद्य उत्तर लिहितात. हल्ली ही उत्तरं एआय लिहून देतं, त्यामुळे शहरातली यच्चयावत मुलं एकाच प्रकारे संवेदनशील झाली आहेत. फॉर्मची फी परत मिळत नाही. ती कशाची फी, हे विचारायचं नसतं.

यातून तरलात की बोलावणं येतं, आणि तिघांनाही येतं. मुलाला रंगीत खुर्चीवर बसवतात, आई-बापाला समोरच्या खोलीत. मुलाला केळं दाखवून एक मॅडम विचारतात, 'व्हॉट इज धिस?' एक चिरंजीव केळ्याकडे बघून म्हणाले, 'सोल.' मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. आई पांढरीफटक पडली, कारण महिनाभर घरात फक्त बनाना चालला होता आणि आजीवर मराठी बोलण्याची बंदी होती. (मराठी सगळ्या बोर्डांच्या शाळांत सक्तीची करणारा कायदा राज्याने २०२० साली केला. तो शाळांसाठी आहे. आजीला लागू नाही.) कागदावर काय लिहिलं असेल यावर घरी दोन दिवस खल झाला. काका म्हणाले, गेला नंबर. मामा कॉर्पोरेटमधले. ते म्हणाले, सूचना देतोय म्हणजे लीडरशिप आहे.

समोरच्या खोलीत आई-बापाची परीक्षा जास्त अवघड. 'यश म्हणजे तुमच्या मते काय?' 'घरी मोबाइलबाबत काय नियम आहेत?' उत्तर देताना वडिलांचा मोबाइल खिशात थरथरत असतो. शाळा आम्ही निवडतोय असं जे पालक समजत होते, त्यांना इथे उलगडा होतो. गंमत बघा. पैसे देणारा पँटची इस्त्री सांभाळत खुर्चीच्या कडेवर बसलेला, आणि पैसे घेणारा त्याची लायकी तपासतोय. आम्ही अजून किराणा दुकानात 'तुमच्या मते तूरडाळ म्हणजे काय?' असं विचारताना वाण्याला पाहिलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, हे कायद्यात बसतं का? बसत नाही, म्हणून तर याला मुलाखत म्हणत नाहीत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ स्वच्छ आहे. देणगी घ्यायची नाही, आणि प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायची नाही. एकाला डावलून दुसऱ्याला घ्यायचं तर रस्ता एकच, सोडत. देणगी घेतली तर तिच्या दसपटीपर्यंत दंड. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. बड्या आंतरराष्ट्रीय शाळेत एका मुलाची तीन महिन्यांची फी याहून जास्त असते, म्हणजे दंड भरायची वेळ आलीच तर एक केळं पुरेल.

ती वेळही सहसा येत नाही. कारण हा कायदा ज्या मुलांचा हक्क सांगतो ती सहा ते चौदा वर्षांची. नर्सरीच्या प्रवेशाला कलम १३ लागू नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं, आणि सरकारने ते लागू करायचा विचार करावा असंही सुचवलं. सरकार विचार करतं आहे. तोवर व्यवस्था सुटसुटीत आहे. चाळणी तिसऱ्या वर्षी लावायची, वर्ग भरून टाकायचा, आणि सहाव्या वर्षी कायदा हातात घेऊन कुणी दारात आलं की नम्रपणे सांगायचं, पहिलीत जागा नाहीत हो, सगळी आमचीच सीनिअर केजीची मुलं.

तक्रार कुणी करत नाही, यात शाळेचं चातुर्य कमी आणि आमचं जास्त. ज्याला प्रवेश मिळाला तो कशाला बोलेल? आपल्या मुलाला निवडलं, म्हणजे निवड चोखच असणार. ज्याला मिळाला नाही त्याला पुढच्या वर्षी धाकटीचा फॉर्म भरायचा असतो. शिवाय तक्रारीत 'माझ्या मुलाला नाकारलं' हे वाक्य लिहावं लागतं, आणि सोसायटीत तर 'आम्हीच ती शाळा नको म्हटलं' असं सांगून झालेलं असतं.

आणि खरं सांगायचं तर चाळणी आम्हाला हवीच आहे. सगळ्यांना सोडतीने प्रवेश मिळणार असेल तर शेजारच्या बाकावर कोण बसेल याची शाश्वती काय? आम्ही एवढे पैसे मोजतो ते घोड्याचे नसतात, शेजारच्या बाकाचे असतात.

त्या बाकाचीच गोष्ट. विनाअनुदानित शाळांनी पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना सोडतीने द्यायच्या आहेत. म्हणजे बापाचं पद, आईचे केक आणि केळ्यावरचं मत न विचारता घेतलेली मुलं तेवढीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारला या मुलांच्या पायांची काळजी वाटली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा नियम झाला. गरिबाच्या मुलाने जवळच्या शाळेत जावं, हे तत्त्व उत्तमच आहे. उरलेल्या पंच्याहत्तर टक्क्यांना ते कसं काय सुचलं नाही कोण जाणे. ती मुलं तीच सरकारी शाळा ओलांडून एसी बसने तास-तासभर लांब जातात. उच्च न्यायालयाने मे महिन्यात नियमाला स्थगिती दिली आणि जुलैत तो रद्द केला. मधल्या काळात ग्रुपवर काहींनी फार समंजस मेसेज टाकले होते. त्या मुलांनाच आपल्या वातावरणात अवघडल्यासारखं होईल, वगैरे.

वातावरणावरून आठवलं. प्रत्येक ब्रोशरमध्ये 'माँटेसरी' असतंच. मारिया माँटेसरी यांनी पहिलं बालगृह काढलं ते १९०७ साली, रोममधल्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. आई-बाप कामावर गेल्यावर जिन्यात हुंदडणाऱ्या पोरांसाठी. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो विचार बोर्डीत आणला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत नेला. महागडी साधनं नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, पानं, खडे घेतले. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. ती गुरांमागे जायची, तर शाळाही कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. आज शहराबाहेरच्या एखाद्या शाळेत 'आउटडोअर क्लासरूम' म्हणून बिया आणि खडे ट्रेमध्ये घालून दाखवतात. कुरण आहे, गुरं नाहीत. त्यांच्या जागी तो घोडा. अनुताई आज फॉर्म भरायला गेल्या असत्या तर पत्त्याच्या पुराव्यावरच अडल्या असत्या.

असो. तुमचा नंबर लागला. अभिनंदन, पेढे, स्टेटस, गणवेश, तोही ठरलेल्या एकाच दुकानातून. आता तुम्हाला शाळेचा कारभार लोकशाहीने कसा चालतो ते कळेल. राज्याच्या २०११च्या शुल्क कायद्यानुसार फी ठरते ती पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीच्या मान्यतेने. अध्यक्ष मुख्याध्यापक, आणि पालक सदस्य चिठ्ठ्या टाकून निवडायचे. मुलांना लावायला कठीण गेलेली सोडत इथे बिनतक्रार लागते. ठरलेली फी दोन वर्षं बांधील. तुम्हाला ती अन्यायाची वाटली तर एकट्याने दाद मागता येत नाही, निदान पंचवीस टक्के पालक जमवावे लागतात. पंचवीस टक्के हा आकडा आपल्या कायद्याला फार प्रिय आहे, आणि तो भरणं दोन्हीकडे सारखंच अवघड.

समजा चिठ्ठीत नेमकं तुमचंच नाव निघालं. तुम्ही आकडेमोड करून, ताळेबंद मागायचाच असं ठरवून बैठकीला जाता. गोल टेबल, मंद एसी. मुख्याध्यापिका तुमच्याकडे बघून हसतात आणि म्हणतात, 'तुमचा मुलगा फार गोड आहे हो. परवा मीच त्याच्या वर्गावर गेले होते.' ताळेबंदाचा कागद तुम्ही घडी घालून खिशात ठेवता. वाढीचा प्रस्ताव कुणीतरी मांडतं, तुम्ही अनुमोदन देता. कुणीतरी घोड्याच्या तबेल्याला पत्रे घालायचं सुचवतं, तेही मंजूर होतं. अनुमोदन चांगलं झालं म्हणून आभाराचं काम तुमच्याकडे येतं आणि तुम्ही ते मनापासून, इंग्रजीत करता. नंतर चहा-बिस्किटं येतात. त्यांचा खर्च अ‍ॅक्टिव्हिटी फीमध्ये धरलेला आहे.