पावती मागितली तेव्हा हसलात, शेठ

बीडच्या बाजारपेठेतल्या बॅगवाल्या शेठना,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहीत नाही, कारण ते मनात नाही.

गेल्या जूनमध्ये तुमच्याकडून एक सॅक घेतली. काळी-नारिंगी, ४५ लिटरची, १,४०० रुपयांची. वर मोठ्या अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘ट्रेकिंग’. खिशावर एका नामांकित कंपनीचं चिन्ह होतं, त्यातलं एक अक्षर बदललेलं. तुम्ही दोन्ही पट्टे धरून ओढून दाखवलेत आणि “हत्ती बांधा” म्हणालात. कापड किती डेनियरचं, असं विचारलं तर “एक नंबर” असं उत्तर दिलंत. पावती मागितली तेव्हा हसलात. “एवढ्याशा वस्तूची कसली पावती?” म्हणत कार्डाच्या मागे आकडा खरडून हातात ठेवलात. तुमच्या दुकानात सगळ्यात मजबूत काय असेल तर ती तुमची जीभ आहे, शेठ. तिची शिवण अजून कुठे उसवलेली नाही.

सप्टेंबरात मी आणि माझी सोळा वर्षांची भाची सायकलींवर कपिलधारला निघालो. सॅक तिच्या पाठीवर होती, हट्टानं घेतलेली. मांजरसुंब्याच्या पुढे रस्ता दरीत उतरायला लागतो, तिथल्या एका वळणावर डावा पट्टा मुळातून निघाला. सगळा भार एकदम उजवीकडे झुलला, हँडल फिरलं आणि पोर डांबरावर घासत गेली. मागून ट्रक येत नव्हता, एवढ्यावर निभावलं. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर राहिलं. त्यातच पाऊस सुरू झाला. बॅगेतला मोबाइल भिजून बंद पडला होता आणि माझ्या मोबाइलला रेंज नव्हती. दर्शनाहून परतणाऱ्या एका कुटुंबानं त्यांच्या जीपमध्ये घेतलं. मी तुमच्याकडे परत आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, “जास्त वजन भरलं असेल.” वजन किती होतं सांगतो. तीन लिटर पाणी, पंप, एक ट्यूब, डबा आणि तिचं जॅकेट. सगळं मिळून सहा किलो भरणार नाही. हत्ती सोडा शेठ, तुमच्या सॅकला शेळीचं करडूही पेललं नाही.

ती सॅक मी बसस्थानकाजवळच्या मोचीकाकांकडे नेली. त्यांनी शिवण उलटी करून दाखवली. पट्टा पाठीच्या कापडात जेमतेम सेंटीमीटरभर खुपसलेला आणि वरून एकच धावती शिवण. नीट शिवलेल्या सॅकमध्ये पट्टा खोल आत घेतात आणि जिथे ओढ बसते तिथे आडवे दाट टाके मारतात. कारखान्यात त्याला बारटॅक म्हणतात. तुमच्या अख्ख्या सॅकवर तसा टाका एकही नव्हता. काका म्हणाले, “हे बसायच्या गादीला चाललं असतं.” त्यांनी मेणाच्या दोऱ्यानं पट्टा पक्का करून दिला आणि चाळीस रुपये घेतले. १,४०० रुपयांच्या मालात जे नव्हतं ते चाळीस रुपयांत मिळालं.

तुम्हाला हे ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. वीस वर्षं बॅगा विकता आहात. पट्टा कुठून सुटतो हे दुरुस्तीला परत येणाऱ्या मालानंच तुम्हाला शिकवलं असेल.

आणि ४५ लिटर? मी सायकलचं नाव स्पष्ट काढलं होतं. दिवसभराच्या सायकल-फेरीला पंधरा-वीस लिटरची, पाठीला चिकटून बसणारी सॅक लागते. छातीवर एक पट्टा आणि कमरेला एक पट्टा हवा, म्हणजे वळणावर ती झुलत नाही. उंच सॅक असली की मान वर करताना हेल्मेट तिच्यावर आदळतं आणि समोरचा रस्ता दिसत नाही. ४५ लिटरची सॅक डोंगरात दोन दिवस मुक्काम करणाऱ्याची. तिला कमरेचा पट्टा जाड, फोमचा लागतो, कारण भार खांद्यांनी नव्हे तर कमरेनं पेलायचा असतो. तुमच्या सॅकला तिथे नुसती फीत होती. मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत पाठीचं माप घेतात आणि त्यावरून सॅक निवडतात. भाची समोर उभी होती. तुम्ही माप घेतलं नाही, “मोठी घ्या, सगळ्याला चालते” म्हणालात. मोठीत नफाही मोठा, एवढाच त्याचा अर्थ.

डेनियर हे मापही सांगून ठेवतो, पुढच्या गिऱ्हाइकाला सांगता येईल. ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये जितकं वजन, तितका डेनियर. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात हिवर, बोराटी आणि वेड्या बाभळीच्या काट्यांतून वाट काढावी लागते, धारूरच्या किल्ल्यावर काळ्या दगडाला पाठ घासते. तिथे बूड तरी ४००-५०० डेनियरच्या नायलॉनचं हवं. तुमच्या सॅकचं बूड पहिल्याच महिन्यात जाळीदार झालं.

‘वॉटरप्रूफ’बद्दल तुम्ही म्हणालात, “बीडमध्ये पाऊस पडतोच कुठं?” दुष्काळी जिल्ह्याच्या नशिबावर खोटं लेबल खपवायचं, यापेक्षा हलकं काही मी ऐकलेलं नाही. याच जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबरात आष्टी तालुक्यात पुरात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. आपल्याकडे पाऊस रुसतो आणि येतो तेव्हा कोसळतो. कापडाला आतून लेप दिला म्हणजे सॅक वॉटरप्रूफ होत नाही. पाणी शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून शिरतं. खरी वॉटरप्रूफ बॅग शिवणींवर पट्टी चिकटवलेली किंवा उष्णतेनं जोडलेली असते, तिचं तोंड गुंडाळून बंद करतात. बाकीच्यांना वरून रेनकव्हर घालावं लागतं, आणि आत खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी धुऊन घातली तरी कपडे कोरडे राहतात. हे खरं सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी कव्हरही तुमच्याकडूनच घेतलं असतं.

चांगली बॅग गरज ओळखून बनते, शेठ. सायकलस्वाराची पाठीवरची पाण्याची बॅग तहानेतून जन्मली. अमेरिकेत टेक्सासच्या उन्हात १९८९ साली रुग्णसेवेत काम करणाऱ्या मायकेल आइडसननं सलाइनची पिशवी पाण्यानं भरली, मोज्यात घातली आणि पाठीला बांधून शर्यतीत उतरला. साधनं तुटपुंजी होती, पण गरज नेमकी कळली होती.

तसं पाहायला टेक्सासपर्यंत जायला नको. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या दर्शनाला दिंड्या कपिलधारला चालत येतात, त्यांच्या खांद्यावरची गाठोडी बघा. दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघणारी आपली माणसं ट्रॅक्टरवर बोचकी लादतात, ती बघा. जुनं लुगडं आणि एक गाठ, सहा महिने टिकते, कारण बांधणाऱ्या बाईला त्या गाठीवर तिचं अख्खं घर लटकतंय हे माहीत असतं. तुम्हाला आमच्या पोरीची पाठ माहीत नव्हती, फक्त गल्ला माहीत होता.

स्वस्त माल विकणं गुन्हा नाही. ‘कॉलेजची बॅग, वह्यांपुरती’ म्हणून हीच सॅक ५०० रुपयांना दिली असतीत तर मी हे पत्र लिहिलं नसतं. तुम्ही डोंगराचं नाव लावून ती विकलीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पावती न देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुसऱ्याच्या चिन्हाची नक्कल असलेला माल विकल्याबद्दल कायद्यात कैदेची शिक्षा आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तुमच्या अक्षरातलं ते कार्ड, उसवलेल्या शिवणीचे फोटो आणि दवाखान्याची कागदपत्रं मी जपून ठेवली आहेत.

पैसे मी मागत नाही. परवा दुकानावरून गेलो तेव्हा तशाच सात सॅक दारात खुंटीला लटकत होत्या आणि एक मुलगा बापाला त्यातली निळी दाखवत होता. शाळांच्या सहलींचे दिवस आहेत. शेठ, त्या खाली उतरवा.

तुमचा एक गिऱ्हाईक