साबणकाकू

फणसवाडीत मजल्यागणिक एक साबणकाकू असतात. त्याआधी त्या मेणबत्तीकाकू होत्या, त्याच्याही आधी चॉकलेटकाकू. मजल्याने तिन्ही अवतार पचवले. चॉकलेटं तेवढी जड गेली.

दिवाळीची चाहूल तुम्हा-आम्हाला कंदिलांनी लागते, काकूंना कॉस्टिक सोड्याने. खोबरेल, सोडा आणि पाणी घोटून केलेला साबण एका दिवसात वड्या पाडण्याइतका घट्ट होतो. पण मुरायला त्याला चार ते सहा आठवडे लागतात. आता नरक चतुर्दशीपासून उलटं मोजा. सहा आठवडे मागे गेलात की नेमकी पितृपक्षाची प्रतिपदा! सासूबाई खाटेवरूनच बजावतात, "पक्षपंधरवड्यात नवीन काही करत नाहीत हो." चारच आठवडे धरले तर घटस्थापना. त्या दिवशी घट बसवायचा की साबण? काकूंनी तोडगा काढलाय. गेल्या वर्षीचा उरलेला तुकडा किसून, विरजण लावावं तसा, पातेल्यात टाकायचा. "नवीन कुठंय, आई? जुनाच वाढवतेय."

वासाची खरेदी प्रिन्सेस स्ट्रीटला. मोगरा, केवडा, वाळा, चंदन असं हुंगत हुंगत नाक बधिर झालं की काकू स्वतःच्या पदराचा वास घेतात आणि पहिल्या बाटलीपासून पुन्हा सुरुवात करतात. दुकानदार चहा मागवतो. स्वतःपुरता.

एरवी मीठसुद्धा अंदाजपंचे घालणारी ही बाई सोडा मात्र ग्रॅमनिशी मोजते: किलोभर खोबरेलाला 183. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही, हे आता गॅलरीतल्या पोरांनाही पाठ आहे. पहिल्या वर्षी ॲल्युमिनियमचं पातेलं फसफसून काळं पडलं, तेव्हापासून स्टील. पिवळ्या रंगासाठी हळद घातली तर ती सोड्यात लालभडक झाली. काकू डगमगल्या नाहीत. "हळदीचंच कुंकू होतं ना? मग! हा सौभाग्य साबण."

साबण मुरला की नाही ते त्या जिभेचं टोक लावून बघतात. झिणझिणलं तर सोडा शिल्लक आहे. शास्त्र बरोबर आहे, पण समोरच्या चाळीला ते कोणी समजवायचं? काकू साबण चाटतात, ही बातमी ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंत गेलेली आहे.

कंपनीच्या साबणाला काकूंच्या लेखी किंमत शून्य. अपवाद गोदरेजांचा. "त्यांनी 1918 च्या सुमारास चरबीशिवाय साबण काढला. त्यानंतर आपणच."

वसुबारसेला बटर पेपरमध्ये गुंडाळलेली एकेक वडी घरोघर पोचते. खरी परीक्षा नरक चतुर्दशीच्या पहाटे. कारीट फुटतात, उटणी लागतात आणि काकू गॅलरीच्या तोंडाशी, न्हाणीघराच्या वाटेवर, रांगोळी काढत बसतात. जाणाऱ्या-येणाऱ्याचा वास घेता येईल अशीच ती जागा. यंदा कोपऱ्यातल्या खोलीतले भाऊ ओलेत्याने सटकत होते.

"भाऊ, थांबा. हा वास माझा नाही. हा मोती!"

भाऊ पंचा सावरत म्हणाले, "छे हो काकू, तुमचाच. चंदनाचा."

काकूंनी पुन्हा हुंगलं. चेहरा उजळला. "खरंच? अगदी मोतीसारखा झालाय?"

"हुबेहूब!"

फराळाच्या वेळेपर्यंत अख्ख्या चाळीला कळलं होतं, की काकूंचा साबण यंदा थेट मोतीसारखा उतरलाय. दिवस मावळायच्या आत मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या वाणासाठी पाच डझनांची नोंदणीही झाली. पहिली भाऊंची.