गरिबीची कमाल मर्यादा

सरकारी आरोग्यविम्याची उत्पन्नमर्यादा म्हणजे जी ओलांडल्यावर मदत थांबते अशी रेषा, हा सर्वत्र रूढ असलेला समज अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी या राज्याने गेली दहा-बारा वर्षे निष्ठेने खोटा ठरवला असून, तेथे हजारो नागरिकांना मदत नाकारली जाते ती त्यांचे उत्पन्न फारच कमी आहे या कारणास्तव. निम्म्याहून अधिक लोक ग्रामीण भागात राहणाऱ्या आणि देशातील सर्वांत गरीब राज्यांत सातत्याने गणल्या जाणाऱ्या या राज्याने गरिबीलाच कमाल मर्यादा घालून दिली आहे, याची नोंद सामाजिक धोरणाच्या अभ्यासकांनी अजून पुरेशा कौतुकाने घेतलेली दिसत नाही.

या व्यवस्थेचे मूळ 2010 च्या आरोग्यविमा कायद्यात आहे. मेडिकेड ही केंद्र आणि राज्ये यांनी मिळून खर्च उचलण्याची, गरिबांसाठी 1965 मध्ये स्थापन झालेली योजना. दारिद्र्यरेषेच्या 138 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या सर्व प्रौढांना तिच्यात घ्यावे आणि त्यावरच्या मध्यमवर्गाला खासगी विम्याच्या हप्त्यासाठी अनुदान द्यावे, अशी कायद्याची योजना होती. रेषेखालचे सगळे मेडिकेडमध्ये असणारच, हे गृहीत धरून कायद्याने अनुदानाची सुरुवात रेषेपासून केली. पुढे 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा विस्तार राज्यांसाठी ऐच्छिक ठरवला, चाळीस राज्यांनी कालांतराने तो स्वीकारला आणि मिसिसिपी उरलेल्या दहांत राहिले. दुमजली घराचा तळमजला बांधायचाच राहून गेला आणि वरच्या मजल्याचा जिना मात्र तळमजल्यातूनच होता.

जुन्या मेडिकेडची दारे तेथे आहेत, पण ती अरुंद आहेत. मूलबाळ नसलेला प्रौढ कितीही दरिद्री असला तरी वृद्ध, अपंग किंवा गर्भवती असल्याखेरीज तो पात्र ठरत नाही. आईबापांना प्रवेश आहे, मात्र दारिद्र्यरेषेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उत्पन्नात संसार चालवून दाखवल्यास. गर्भवतीसाठी हीच मर्यादा रेषेच्या जवळजवळ दुपटीपर्यंत उदार होते, परंतु बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी हे औदार्य आटोपत असे आणि ते वर्षभर टिकवण्याचा कायदा करण्यास 2023 साल उजाडावे लागले.

दारिद्र्यरेषेचा उगम मॉली ओर्शान्स्की या सरकारी सेवेतील विदुषीने 1960 च्या दशकात मांडलेल्या हिशेबात आहे. काटकसरीच्या आहाराच्या खर्चाला तीनने गुणून आलेला तो आकडा पुढे महागाईबरोबर दरवर्षी वर सरकत आला. 2025 च्या विम्यासाठी एकट्या माणसाची रेषा 15,060 डॉलर होती. मिसिसिपीने स्वतःचे किमान वेतन कधी ठरवलेच नसल्यामुळे तेथे केंद्राचा ताशी 7.25 डॉलर हा 2009 पासून जागचा न हललेला दर लागू होतो, आणि आठवड्याला 40 तास याप्रमाणे बावन्न आठवडे एकही खाडा न करता राबणाऱ्याच्या पदरात त्या दराने 15,080 डॉलर पडतात, म्हणजे रेषेहून वीस डॉलर जास्त. त्या वर्षी रेषेवरच्या माणसाला मानक विमा जवळजवळ विनाहप्ता मिळत होता, तर रेषेखालच्याला पुरा हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा लागे. अर्जात येत्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज लिहायचा असतो; त्यात तीन तासांचे बिनपगारी आजारपण प्रामाणिकपणे धरणारा मजूर वीस डॉलरांना आणि त्यांच्यासोबत अनुदानाला मुकतो, यावरून आरोग्यविमा हा कधीच आजारी न पडणाऱ्यांसाठी असतो हे तत्त्व प्रस्थापित होते. पुढच्या वर्षीच्या विम्यासाठी रेषा 15,650 वर गेली आणि मजुरी आहे तेथेच राहिली, त्यामुळे आता त्याला ठणठणीत राहूनही अपात्र होण्याची सोय झाली आहे. महाराष्ट्रात उत्पन्न कमी असल्याचा दाखला मिळवण्यासाठी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत खेटे घालणाऱ्यांना, आपण पुरेसे सधन आहोत हे सरकारला पटवू पाहणारा हा गरीब बहुधा अनोळखीच वाटेल.

विस्तारित मेडिकेडचा नव्वद टक्के खर्च केंद्र उचलते, तरी उरलेल्या दहा टक्क्यांत राज्याला स्वावलंबनाचा ऱ्हास दिसतो; नेहमीच्या मेडिकेडसाठी केंद्राकडून सुमारे 77 टक्के घेताना हे स्वावलंबन आड येत नाही. 2024 मध्ये राज्याच्या प्रतिनिधिगृहाने विस्ताराचे विधेयक संमत केले, गव्हर्नर टेट रीव्ह्ज यांचा विरोध कायम राहिला, आणि सेनेटने महिन्याला 120 तास कामाची अट घालून मर्यादा रेषेच्या 99 टक्क्यांवर आणली. किमान वेतनावरील एकट्या माणसाचा हिशेब मांडल्यास, 120 तासांहून कमी राबणारा आळशी आणि सुमारे 170 तासांहून अधिक राबणारा या योजनेपुरता श्रीमंत, असा पन्नास तासांचा पात्र दारिद्र्याचा पट्टा त्यातून निष्पन्न होत होता. दोन्ही सभागृहांचे एकमत न झाल्याने तोही बारगळला.

मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ शहरातून पूल ओलांडला की लुइझियाना राज्यातील व्हिडेलिया लागते, जेथे 2016 पासून विस्तारित मेडिकेड आहे. लुइझियानानेही स्वतःचे किमान वेतन ठरवलेले नाही, त्यामुळे पुलाच्या दोन्ही टोकांना मजुरीचा किमान दर तोच आणि दारिद्र्यरेषाही तीच आहे. नॅचेझच्या मजुराला विम्यासाठी आपल्या परिस्थितीत करावा लागणारा बदल एवढाच, की त्याने पलीकडे भाड्याने खोली घ्यावी.