सॅम्पल फ्लॅट

पुण्यात कुठेही टॉवर उठायचा म्हटला की आधी दोन घरं तयार होतात. एक सॅम्पल फ्लॅट. त्यात कुणीच राहत नाही, पण एसी दिवसभर चालू. दुसरं पत्र्याचं, दहा बाय दहाचं. त्यात आठ जण राहतात, आणि मे महिन्यात भात शिजवायचं निम्मं काम पत्राच करतो. (तेवढीच गॅसची बचत!)

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचं कलम ३४ म्हणायचं, मजुरांना तात्पुरतं घर मोफत द्या; स्वयंपाक, आंघोळ, संडास यांची वेगळी सोय करा. बिल्डरमंडळींनी त्यातला 'तात्पुरतं' हा शब्द तेवढा मनापासून पाळला. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत मध्यरात्रीनंतर अशाच शेडवर कोसळली. १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही.

टॉवर पुरा होतो, पत्रे उचलून पुढच्या साइटवर जातात. मग नव्या सोसायटीची पहिली तक्रार येते: पलीकडच्या प्लॉटवर मजूर उघड्यावर बसतात हो, बाल्कनीतून दिसतं. ब्रोशरमध्ये तर तिथे टेकडी दाखवली होती!