रुग्णमुक्त इस्पितळ

सरकारी इस्पितळं अस्वच्छ का राहतात, खाटा का पुरत नाहीत, औषधं का संपतात, याच्या चौकशा आपण उगाच करत बसतो. या सगळ्याचं मूळ एकच: रुग्ण. ब्रिटनमध्ये हे निदान १९८१ सालीच झालं होतं. बीबीसीच्या 'येस मिनिस्टर' मालिकेतला 'द कम्पॅशनेट सोसायटी' हा भाग आरोग्य खात्यातल्या प्रत्येक नव्या साहेबाला रुजू होताना दाखवला पाहिजे.

त्यातलं सेंट एडवर्ड्‌स इस्पितळ सुरू होऊन पंधरा महिने झालेत. कर्मचारी पाचशेच्या घरात, यंत्रसामग्री अद्ययावत, फरश्या लखलखीत. डॉक्टर नाहीत, परिचारिका नाहीत आणि रुग्ण तर औषधालाही नाही! साहजिकच स्वच्छतेत त्याचा हात कुणी धरणार नाही अशी ख्याती, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्काराच्या शर्यतीत नाव.

मंत्री जिम हॅकर पाहणीला जातात आणि नवख्या माणसासारखं विचारतात, रुग्ण कुठे आहेत? प्रशासक बाईंना प्रश्नाचंच नवल वाटतं. पगारपत्रकं, खरेदी, आकडेवारी, आपत्कालीन नियोजन, यातलं कोणतं काम रुग्णावाचून अडलंय? सचिव सर हम्फ्री तर त्याही पुढचे. मंजूर पदांपेक्षा माणसं कमी असल्यामुळे आहेत त्या कर्मचाऱ्यांवर कामाचा असह्य ताण आहे, हे ते मंत्र्यांच्या नजरेस आणून देतात.

मंत्री हट्टाला पेटतात, कर्मचारी कपातीची भाषा करतात. कामगार पुढारी बिली फ्रेझर संपाचं हत्यार उपसतो. मग मंत्र्यांचं डोकं ठिकाणावर येतं आणि तोडगा निघतो: आसरा शोधणाऱ्या क्युबाच्या निर्वासितांना इथेच ठेवा! खाटा भरल्या, नोकऱ्या वाचल्या, संप टळला आणि मंत्री दयाळू ठरले.

मार्गारेट थॅचर यांची ही लाडकी मालिका. पंतप्रधान हसल्या म्हणजे सचिवांनाही हसावंच लागलं असणार. हसून झाल्यावर ते आपापल्या फायलींकडे वळले असतील. २००१ साली 'जी मंत्रीजी' या नावाने ही मालिका हिंदीत आली, फारूख शेख मंत्री झाले आणि लंडनच्या व्हाइटहॉलचा सरकारी कारभार दिल्लीला अगदी मापात बसला. परदेशी माल इतक्या सहजी इथे क्वचितच खपतो.

सेंट एडवर्ड्‌समध्ये आता एकच पथ्य पाळायचं: निर्वासितांनी ठणठणीत राहायचं. एखाद्याला ताप जरी आला, तरी त्याला इस्पितळात हलवावं लागेल.