‘बाळा’च्या फोनवर पाळत ठेवणाऱ्या पतिराजांस अनावृत पत्र



फोन वापरणाऱ्याच्या नकळत त्याच्या हालचालींची नोंद घेऊन ती भलत्याला पुरवणाऱ्या प्रणालीस जाणकार ‘स्टॉकरवेअर’ म्हणतात. विक्रेते मात्र तिला ‘बालसुरक्षा अ‍ॅप’ असे गोंडस नाव देतात, आणि पतिराजांनी विक्रेत्यांचाच शब्द प्रमाण मानला, हे त्यांच्या सरळमार्गी स्वभावाला साजेसेच झाले. नोंदणीच्या अर्जात ‘मुलाचे नाव’ या रकान्यात त्यांनी पत्नीचे नाव भरले आणि ‘वय’ या रकान्यात १२ हा आकडा घातला. एम.कॉम. झालेली, पतपेढीत नऊ वर्षे रोखपाल म्हणून काम करणारी स्त्री अशी चोवीस वर्षांनी लहान करण्याची किमया आयुर्वेदालाही अद्याप साधलेली नाही.

पत्नीला जाब विचारण्यासाठी भरलेल्या बैठकीला जमलेल्या दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना या किमयेचे तंत्र उमगले नाही, म्हणून ते येथे सांगणे भाग आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनमध्येच उघडतो, त्यामुळे तो वाटेत कोणालाही वाचता येत नाही. पाळत-अ‍ॅप हे कुलूप फोडण्याच्या भानगडीत पडत नाही, तर कुलूप जेथे उघडते तेथेच दबा धरून बसते. अँड्रॉइड फोनमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ नावाची एक सोय असते, जिच्यामुळे पडद्यावरचा मजकूर दृष्टिहीन व्यक्तीला वाचून दाखवता येतो. हे अ‍ॅप नेमकी तीच परवानगी मागून घेते, आणि अंधांसाठी केलेली सोय डोळसांच्या चोरट्या नजरेला उपयोगी पडते. त्यासाठी फोन काही मिनिटे हाती लागावा लागतो, त्याच्या कुलपाचा आकडा माहीत असावा लागतो आणि गूगलचे ‘प्ले प्रोटेक्ट’ हा राखणदार बंद करावा लागतो. पत्नी अंघोळीला गेली असता पतिराजांनी हे सर्व उरकले, असे त्यांनीच बैठकीत अभिमानाने सांगितले. त्यानंतर कोणते अ‍ॅप किती वाजता उघडले, किती वेळ पाहिले, कोणाची सूचना आली (पाठवणाऱ्याने संदेश मागाहून पुसला, तरी सूचनेतून टिपलेली प्रत शिल्लक राहते) हे सारे दूरच्या सर्व्हरवर साठत जाते आणि पतिराजांच्या पडद्यावर तक्त्याच्या रूपाने उमटते.

पतिराजांनी बैठकीत मांडलेला या तक्त्यांचा अहवाल ४१ पानांचा, स्पायरल बाइंडिंग केलेला आणि पिवळ्या हायलायटरने जागोजाग रंगवलेला आहे. इन्स्टाग्रामवर रात्री ३८ मिनिटे, फेसबुकवर शाळेच्या जुन्या वर्गमित्राच्या छायाचित्राला एक लाइक, ‘सुरेश प्लंबर’ या नावाने जतन केलेला आणि चौकशीअंती खरोखरच प्लंबरचा निघालेला क्रमांक, या शोधांबद्दल पतिराजांचे अभिनंदन करून पुढे जाता येते. पान २३ ओलांडून मात्र पुढे जाता येत नाही.

या पानाला ‘की-लॉग’ असे शीर्षक आहे. कळफलकावर उमटलेले प्रत्येक अक्षर, मग ते पाठवले असो वा खोडले असो, टिपून ठेवणे म्हणजे की-लॉग. रात्री १ वाजून ३८ मिनिटांनी पत्नीने थोरल्या बहिणीला लिहायला घेतले, ‘ताई, दिवाळीला चार दिवस तुझ्याकडे येऊ का’, आणि ते पुसले. मग ‘ताई, मला थोडे दिवस’ एवढेच लिहून तेही पुसले. मग ‘झोपलीस का’ लिहिले, पुसले, आणि अखेरीस ‘गुड नाइट’ एवढेच पाठवले. बहिणीला फक्त ‘गुड नाइट’ मिळाले. उरलेली तिन्ही वाक्ये पतिराजांना मिळाली, आणि त्यांतल्या दुसऱ्याखाली दोनदा रेघ ओढून त्यांनी समासात ‘घर सोडण्याचा बेत’ असा शेरा मारला. जे वाक्य त्या बाईने स्वतःच्या सख्ख्या बहिणीपाशीही बोलायचे नाही असे ठरवले, त्याचा जाब चुलत सासऱ्यासमोर आणि मामेसासऱ्यासमोर, चहाचे कप मध्ये ठेवून, तिला विचारला गेला. हा नीचपणा आहे, आणि त्याला दुसरा सौम्य शब्द शोधण्याची या पत्राची इच्छा नाही.

पतिराजांच्या वकील आतेभावाने बैठकीत सर्वोच्च न्यायालयाच्या १४ जुलै २०२५ च्या निकालाचा दाखला दिला. तो निकाल पती-पत्नींमधल्या, एकाने गुपचूप ध्वनिमुद्रित केलेल्या संभाषणाविषयी आहे आणि असे ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून मांडता येते असे तो सांगतो. बहिणीला न पाठवलेल्या वाक्यांविषयी त्यात अवाक्षर नाही. जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते नाते मोडल्याचेच लक्षण होय, हे त्याच निकालातले निरीक्षण आतेभावाने वाचले नसावे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ तर त्याने मुळीच उघडलेले दिसत नाही. स्त्रीच्या इंटरनेट वा अन्य इलेक्ट्रॉनिक संवादाच्या वापरावर पाळत ठेवणे तेथे ‘पाठलाग’ या गुन्ह्यात मोडते आणि पहिल्याच दोषसिद्धीला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

गुप्ततेची हमी देणाऱ्या या पाळत-अ‍ॅपच्या धंद्याची स्वतःची गुपितेही फार काळ टिकत नाहीत. पोलंडचे ‘लेटमीस्पाय’ २०२३ साली फुटले आणि बंद पडले. ‘कॅटवॉचफुल’ २०२५ साली फुटले, तेव्हा ६२,००० हून अधिक ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि पासवर्ड उघडे पडले, शिवाय सुमारे २६,००० फोनांमधला मजकूर उघड्यावर आला, ज्यांत भारतातलेही फोन होते. पतिराजांनी आपला पासवर्ड तरी लग्नाच्या तारखेचा ठेवला नसावा, अशी आशा आहे.

अहवालातले एक पान मात्र हायलायटरविना कोरे राहिले आहे. पान ३७ वर पत्नीच्या संपर्कांची, संदेशांच्या संख्येनुसार लावलेली यादी आहे आणि तीत पतिराजांचा क्रमांक चौदावा, दूधवाल्याच्या खालचा आहे. महिनाभरातले त्यांचे संदेश असे: ‘ओटीपी आला का’, ‘गॅसचा नंबर लाव’, ‘उशीर होईल’. पत्नीने दोनदा ‘जेवलात का’ असे विचारले आहे, आणि दोन्ही वेळा उत्तरादाखल नुसता अंगठा गेला आहे. हे पान पतिराजांनी काढून टाकले नाही. त्यांनी ते पाहिलेच नाही, की पाहूनही त्यांच्याने काढवले नाही, हे अहवालावरून ठरवता येत नाही.

प्रत्येक पानाच्या तळाशी अहवाल उतरवून घेतल्याची वेळ छापलेली आहे: रात्री १ वाजून ५२ मिनिटे. दिवस तोच. म्हणजे पत्नी ‘झोपलीस का’ लिहून पुसत होती, तेव्हा त्याच पलंगावर, दीड हाताच्या अंतरावर, तिच्याकडे पाठ करून पतिराजही जागेच होते, आणि तिची पुसलेली अक्षरे कुठल्याशा परदेशी सर्व्हरला वळसा घालून त्यांच्या उशीपाशी पोहोचत होती.

कळावे, लोभ असावा.

अहवालाचा एक वाचक