आप्पा मायनस अठरा

उन्हातून आलेल्या माणसानं आप्पांच्या घरी पाणी जरूर मागावं, पण बैठकीच्या कोपऱ्यातल्या त्या उंच, पांढऱ्याशुभ्र कपाटाकडे आशेनं पाहू नये. दिसायला तो फ्रीजच आहे. आत मात्र ना प्यायच्या पाण्याची बाटली, ना दुधाचं पातेलं, ना कोथिंबिरीची जुडी. सहा कप्पे, आणि सहाही कप्प्यांत दगड झालेला भाजीपाला. मागच्या चैत्रात शेजारच्या नव्या जावयानं घर आपलंच समजून त्याच्या दाराला हात घातला. आप्पा खाटेवरून ओरडले, "हां हां हां! हात काढा!" जावयाला वाटलं, करंट मारतो. त्यानं हात काढला आणि मग दिवसभर त्या घरात कशालाच लावला नाही. चहाचा कपसुद्धा आधी बोटानं चाचपून उचलला.

हा उभा डीप फ्रीझर. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तो आडवा, पेटीसारखा. आप्पा तुम्हाला दोन्हींतला फरक पाण्याच्या आधी सांगतील. "आडवा म्हंजे आड. झाकण काढलं तरी गारवा तळाशी बसून राहतो. उभा म्हंजे कपाट. दार उघडलं की गारवा पायावर सांडला." गार हवा जड असते, हे शाळेत आम्हीही शिकलो होतो, पण ती सांडताना कुणाच्या जिवाला लागते, हे आप्पांकडे पाहून कळलं.

आप्पा म्हणजे आमचे वायरमन आप्पा. लासूर आणि लासूर स्टेशन ही दोन गावं वेगळी, हे बाहेरच्यांना दरवेळी सांगावं लागतं. दाक्षायणी देवीचं लासूर शिवना नदीकाठी, वैजापूर तालुक्यातलं. आम्ही गंगापूर तालुक्यातले, रुळाच्या कडेनं वाढलेले. निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत रेल्वे आली, स्टेशन झालं, स्टेशनाभोवती आडती आल्या, आणि आडतींच्या मागोमाग आम्ही. या गावात आप्पांनी छत्तीस वर्षं खांबावर काढली. डीपी जळाली, डिओ पडला, तार तुटली, की लोक आधी आप्पांच्या नावानं शिव्या द्यायचे आणि मग आप्पांना बोलवायचे. बारा-बारा तास लाईट नसायची त्या काळात आप्पा दिवसाउजेडी बाजारात जायचे नाहीत. भाजीसुद्धा काकू आणायच्या. "लाईट कधी येणार?" या प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असायचं, "वरून बंद आहे." ते असं म्हणायचे की ऐकणाऱ्याची नजर आभाळाकडे जायची.

मग आप्पा रिटायर झाले आणि मुलानं पुण्याहून हा फ्रीझर पाठवला. हेतू साधा होता. हिवाळ्यात वाटाणा स्वस्त असतो, तुरीचे आणि हरभऱ्याचे सोले मिळतात, ज्वारीचा हुरडा असतो. मे महिन्यात केशर आंब्याचा रस काढून ठेवता येतो. वर्षातून दोनदा मुलगा-सून येतील तेव्हा डबे भरून घेऊन जातील. हेतू मुलाचा होता, फ्रीझर आप्पांच्या ताब्यात गेला.

टेम्पोतून तो उतरवला तेव्हा आडवा होता. आप्पांनी तो उभा करवला आणि पाटी लावली: "उद्या सकाळपर्यंत चालू करू नये." कॉम्प्रेसरमधलं तेल आडवं पडल्यावर नळ्यांत जातं, ते खाली उतरायला वेळ द्यावा लागतो. पोरांनी फ्रीझर नाही, निदान एखादा दिवा तरी लागतो का पाहावा म्हणून बटणाकडे बोट नेलं, तर आप्पांनी खाट उचलून फ्रीझरसमोर टाकली. ती अजून तिथंच आहे. नंतर स्पिरिट लेव्हल ठेवून पुढचे दोन पाय जरासे उंच केले, म्हणजे दार सोडलं की आपोआप मिटावं. मागं वीतभर जागा सोडली. कॉन्डेन्सरच्या जाळीवरची धूळ ते दर अमावास्येला दाढीच्या ब्रशनं झाडतात. अमावास्या का, याला शास्त्र नाही. ती लक्षात राहते एवढंच.

हे सगळं बरोबर आहे, हीच तर अडचण. आप्पा चुकीचं काही सांगत असते तर त्यांना वेडं म्हणून सोडून देता आलं असतं. उलट जे सांगतात ते अगदी पुस्तकातलं असतं आणि जरा जास्त असतं. लाईट जाऊन आली की तीन मिनिटं थांबायचं, लगेच बटण दाबायचं नाही, हे खरंच आहे. कॉम्प्रेसर थांबला की एका बाजूला गॅसचा दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असतो. तो सारखा व्हायच्या आत चालू केला तर बिचारा गुरगुरतो, तापतो आणि टक् करून बसतो. म्हणून तर स्टॅबिलायझरमध्ये उशिरा चालू होण्याची सोय असते. आप्पांच्या स्टॅबिलायझरमध्येही आहे. तरी आप्पा स्वतः घड्याळ धरून शेजारी उभे राहतात, सिग्नल पडायची वाट बघणाऱ्या पॉइंट्समनसारखे, आणि "खट्ट" ऐकू आलं की मान डोलावतात. परवानगी मशीननं दिली की आप्पांनी, हे दोघांनाही नीट ठाऊक नसावं.

खरी मजा लाईट जाण्यात. ज्या माणसानं आयुष्यभर "वरून बंद आहे" सांगितलं तोच आता सबस्टेशनला फोन लावतो. "काय रे, ब्रेकडाऊन आहे का शटडाऊन? किती वेळ? नक्की सांग, माझ्याकडे माल आहे." माल म्हणजे साडेनऊ किलो वाटाणा. पलीकडचा ऑपरेटर कधी काळी आप्पांच्याच हाताखाली तयार झालेला. तो शांतपणे म्हणतो, "आप्पा, वरून बंद आहे."

गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता दीड-दोन दिवस सहज तग धरतो. रिकामी जागा राहू नये म्हणून आप्पांनी फटीफटीत पाण्याच्या बाटल्या गोठवून खोचल्या आहेत. पण माहिती असणं वेगळं आणि धीर असणं वेगळं. आपण बाहेरगावी असताना लाईट जाऊन आली, माल वितळून पुन्हा गोठला, तर कळणार कसं? त्यावर त्यांनी नाण्याचा उपाय केला. स्टीलच्या वाटीत पाणी गोठवायचं आणि बर्फावर एक रुपया ठेवायचा. रुपया वरच दिसला तर सगळं ठीक. तळाशी गेला असेल, तर मधल्या काळात बर्फाचं पाणी झालं होतं. मला ही युक्ती फार आवडली. पण आप्पा बाहेरगावी जातातच कुठं? त्यामुळे रुपया बुडाला का हे ते घरात बसूनच, दिवसातून सहा-सात वेळा, दार उघडून बघायचे. प्रत्येक वेळी गारवा त्यांच्याच पायांवर सांडायचा आणि आत बाहेरची दमट हवा शिरायची. तिचं दव, दवाचा बर्फ. महिन्याभरात वरच्या कप्प्याच्या नळ्यांना बोटभर बर्फ चढला.

या फ्रीझरमध्ये कप्पे म्हणजेच गॅसच्या नळ्या. बर्फ अर्धा सेंटीमीटर झाला की बंद करून वितळवायचा, सुरी लावायची नाही. काकूंनी एकदा उलथनं आणलं होतं. आप्पांनी ते त्यांच्या हातातून जसं काढून घेतलं, तसं लग्नातही त्यांनी काकूंचा हात धरला नसेल. "नळीला भोक पडलं तर गॅस गेला! आणि हा गॅस कोणता माहितीये का?" काकूंना माहिती होतं, कारण हे त्यांना पाठ आहे: जुन्या फ्रीजमधला गॅस ओझोनला खातो म्हणून २०१० पासून बंद झाला, आणि आताचा आयसोब्युटेन म्हणजे आपल्या सिलेंडरमधल्या गॅसचाच चुलत भाऊ. सिलेंडरमध्ये १४ किलो २०० ग्रॅम, यात शंभर ग्रॅमच्या आत. "म्हंजे स्वयंपाकघरात भाऊ मोठा आहे," काकू म्हणाल्या, "त्याला मी रोज पेटवते."

दार न उघडता आतलं कळावं, असा ध्यास आप्पांनी घेतला तो २०२१ मध्ये, लस घ्यायला गेले तेव्हापासून. आरोग्य केंद्रात लसींच्या फ्रीजवर एक तक्ता टांगलेला होता. रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा तापमान लिहायचं, सही करायची. आप्पा लस विसरून तक्ता वाचत उभे राहिले. सिस्टरनं तीनदा हाक मारली. घरी येताना त्यांनी दोनशे पानी रजिस्टर घेतलं आणि मुलाला फोन केला. आठवड्यात पुण्याहून डिजिटल थर्मामीटर आला: बाहेर आकड्याची डबी, तिला मीटरभर बारीक काळी वायर, वायरीच्या टोकाला आत ठेवायचं बोंडूक. वायर दाराच्या रबरातून आत गेली आणि बाहेर लाल आकडे उजळले. मायनस अठरा. त्या रात्री आप्पा खाटेवर कुशीवर झोपले, तोंड आकड्याकडे करून. नाणं निवृत्त झालं.

पंधरा दिवस सुखाचे गेले. रजिस्टरमध्ये सकाळ-संध्याकाळ मायनस अठरा, मायनस अठरा, आणि खाली सही. मग मायनस सोळा. मग चौदा. कॉम्प्रेसर थांबेनासा झाला. दाराच्या बिजागरीकडच्या कोपऱ्यात बर्फ पुन्हा चढला, या खेपेस मुठीएवढा. दार तर आता दिवसातून एकदाही उघडत नव्हतं! आप्पांनी व्होल्टेज मोजलं. जाळी अमावास्या नसताना झाडली. मग संशय रबरावर गेला, कारण गॅस्केट सैल असेल तर हवा शिरते. त्याची परीक्षा अशी, की दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. अडखळत आली तर रबर घट्ट. आप्पांनी चारी बाजूंनी वीतभर अंतरानं नोट ओढली. मी साक्षीला होतो. नोट सगळीकडे अडखळली. परीक्षेत मध्ये येते म्हणून तेवढ्यापुरती त्यांनी ती थर्मामीटरची वायर बाहेर काढून ठेवली होती. परीक्षा झाल्यावर पुन्हा जागच्या जागी बसवली.

शेवटी मिस्त्री बोलावला. मिस्त्री म्हणजे आयटीआय केलेला पोरगा. मोटारसायकलला गॅसचा डबा, गेज आणि नळ्या लटकवून येतो, कानात कायम गाणी. आप्पांनी त्याला रजिस्टर पहिल्या पानापासून वाचून दाखवलं. पोरानं एका कानातलं गाणं काढलं, ही त्याच्या परीनं मोठी अदब होती. मग दार उघडून बर्फाकडे पाहिलं.

"गॅस गेलाय," आप्पा म्हणाले.

"गॅस गेला असता तर बर्फ कमी आला असता. हा एकाच कोपऱ्यात आलाय." त्यानं बोट बर्फावरून रबराकडे, रबरावरून त्या काळ्या वायरीवर आणलं. वायरीच्या दोन्ही अंगांना रबर केसभर उचललं गेलं होतं आणि त्या फटीतून बर्फाची पांढरी शेपटी आत गेली होती. "हे काय?"

"थर्मामीटर."

"काढा."

एवढं बोलून त्यानं काढलेलं गाणं पुन्हा कानात घातलं. दोनशे रुपये. "वायर काढायचे दोनशे?" आप्पांनी विचारलं. पोराला ऐकू गेलं नाही. काकूंनी मात्र ब्लाऊजमधून नोट काढून लगेच दिली आणि चहाही दिला.

बर्फ वितळवायचा म्हणजे माल बाहेर काढायचा. आप्पांच्या मते गोधड्यांत गुंडाळून ठेवला तर चार तास निभतो. काकूंच्या मते निभत नाही. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नये, हे वाक्य त्यांनी आप्पांचंच, आप्पांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. त्या दिवशी आमच्या गल्लीत दुपारी वाटाण्याची उसळ होती, संध्याकाळी वाटाणाभात, दुसऱ्या दिवशी करंज्या, आणि मधल्या वेळी हुरड्याचं थालीपीठ. मी काकूंना हळूच विचारलं, वायरीजवळचा बर्फ तुम्हाला आधी दिसला नव्हता का? त्या कोपऱ्यात तर रोज तुम्हीच झाडता.

"मला बाईला काय कळतंय त्यातलं," काकू म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

थर्मामीटर टाकून देण्यातले आप्पा नव्हेत. तो आता बैठकीच्या भिंतीवर खिळ्याला टांगला आहे, वायर खाली लोंबते. रजिस्टरही चालू आहे, सकाळ-संध्याकाळ, सहीसकट. परवा मे महिन्याच्या भर दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. आप्पांनी आकडा पाहिला, "एकेचाळीस पॉइंट सहा" असं पुटपुटत लिहून घेतला, पेनचं टोपण लावलं आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे नाराजीनं बघत म्हणाले, "आत या नाहीतर बाहेर राहा. पण दार लावा."